लाल टी पुसायचा की ठेवायचा? नॉर्वेतल्या एका डोंगरवाटेचं प्रकरण

नॉर्वेत डोंगरवाटा सांभाळणाऱ्या संस्थेच्या ज्या लोकल शाखेत मी वॉलंटियर आहे तिथलं हे प्रकरण, पूल वाहून गेल्यावर वाटेवरच्या लाल खुणा पुसायच्या की ठेवायच्या याचं. शाखा, नॅशनल पार्क, नदी आणि दोन्ही केबिनची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, माणसांना मी टोपणनावं दिलीत, अंतरं थोडी इकडेतिकडे केलीत. बाकी जसं घडलं तसं. आमच्याकडून चुका झाल्या, त्यातल्या एका चुकीत मी स्वतः हात वर करून मत दिलं होतं, तेव्हा दुसऱ्या कुणावर ढकलायचा प्रश्नच नाही.

पार्श्वभूमी

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॉर्वेत डोंगरात चालणाऱ्यांची एक राष्ट्रीय संस्था आहे, डीएनटी. १८६८ साली तोमास हेफ्त्ये नावाच्या बँकरच्या पुढाकाराने सुरू झाली, त्याच वर्षी र्‍युकानच्या धबधब्याजवळ क्रोकान इथे तिचं पहिलं घर झालं. आज ५५० च्या वर केबिन आहेत, उन्हाळ्यासाठी खुणा केलेल्या वाटा साधारण २२,००० किमी, आणि मेंबर ३ लाखांच्या वर, तेही जेमतेम ५५ लाख लोकवस्तीच्या देशात. पण हे सगळं ओस्लोतल्या एका ऑफिसातून चालत नाही, पन्नासच्या वर लोकल शाखा आहेत आणि प्रत्येक शाखा आपापल्या वाटा, पूल, केबिन सांभाळते. आणि सांभाळते म्हणजे आमच्यासारखे लोक शनिवार-रविवारी फावडं घेऊन वर जातात.

याला इथे दुग्नाद म्हणतात. मी आधी घरी सांगताना श्रमदान म्हणायचे, पण ते बरोबर बसत नाही, श्रमदानाला फोटो आणि हार लागतात. आजी सांगायची ती इरजिक जास्त जवळची, म्हणजे गावाने एकाच्या शेतात राबायचं आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. इथे जेवणात वॉफल आणि काळ्याकुट्ट किटलीत उकळलेली कॉफी असते एवढाच फरक.

आता वाटेवरची खूण. दगडावर किंवा दगडांच्या ढिगाऱ्यावर, ज्याला इथे वार्दे म्हणतात, लाल रंगात इंग्रजी टी (T) काढलेला असतो. एका टीपाशी उभं राहिलं की पुढचा दिसला पाहिजे. मी मूळची संगमनेरची, खिरेश्वरहून टोलारखिंडीतून हरिश्चंद्रगड लहानपणापासून केलेला, तिथले दगडावरचे ऑइलपेंटचे बाण मला पाठ. पण आपल्याकडे बाण चुकला तर गुरं घेऊन निघालेला एखादा मामा भेटतो, तो म्हणतो कुठं चालले रं पोरांनो, ती वाट खाली नळीत जाते. इथे दिवसभर माणूस दिसत नाही, त्यामुळे तो लाल टी हाच मामा.

आमच्या प्रकरणात दोन केबिन आहेत, वरचं घर आणि खालचं घर. दोन्ही सेल्फ-सर्व्हिस. म्हणजे मेंबरकडे स्टँडर्ड किल्ली असते, जायचं, कुलूप उघडायचं, लाकडं फोडून शेगडी पेटवायची, पँट्रीतून डबाबंद मासे, वाटाण्याचं सूप, भात काय हवं ते घ्यायचं, त्याचा हिशोब आपणच लिहायचा आणि पैसे भरायचे. बहुतेक वेळा बघायला कुणी नसतं. नोंदवहीत कुठून आलो आणि उद्या कुठे जाणार हे लिहायचं, कारण माणूस हरवला तर शोधणारे आधी तीच वही उघडतात. दोन घरांमध्ये १९ किमीची वाट होती, आणि त्या वाटेवर, खालच्या घरापासून ४ किमीवर, नदी आणि नदीवर झुलता पूल. स्टीलच्या दोन केबल, त्यावर लाकडी फळ्या. हा ४ किमीचा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच आहे.

पूल गेला

ऑगस्ट २०२३ मध्ये हान्स नावाचं वादळ आलं. ७ ते ९ ऑगस्टला दक्षिण नॉर्वेत इतका पाऊस झाला की ब्रास्केराइडफॉसचं धरण फुटलं आणि पुढच्या आठवड्यात, १४ तारखेला, रिंगेबूचा रेल्वेचा पूल नदीत कोसळला. एवढ्या मोठ्या बातम्यांत आमचा माणसांपुरता पूल कोण विचारतोय. आम्हालाच तो गेल्याचं उशिरा कळलं, खालच्या घरातल्या कुणीतरी वहीत लिहिलं होतं, पूल नाही, परत फिरलो, कॉफी छान.

सप्टेंबरमध्ये आम्ही चौघं बघायला गेलो. कमिटीचे प्रमुख, यांना आपण मास्तर म्हणू, निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेले आणि चढाला माझ्या पुढे. इथे सगळे एकमेकांना नावाने आणि एकेरीत बोलतात, मला पहिली दोन वर्षं त्यांना नुसतं नावाने हाक मारताना जीभ अडखळायची. दुसरा सुतार, खरंच सुतार. तिसरी मॅपवाली, वाटांचा डेटा सांभाळणारी, वयाने सगळ्यांत लहान. आणि मी.

एका बाजूचा खडक जागच्या जागी होता, केबलचं नाक त्याच्यातून अजून बाहेर आलेलं. दुसऱ्या बाजूला काँक्रीटचा ठोकळा होता तिथे आता पाणी वाहत होतं. तो काठ मुळात खडक नव्हताच, गोटे आणि वाळू, नदीने सात-आठ मीटर खाऊन टाकलेला. सुतार बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, पूल वाहून गेला असता तर परत बांधला असता, इथे काठच गेलाय.

समोर काय काय पर्याय होते

हिवाळाभर मीटिंगा झाल्या. पर्याय चार होते आणि प्रत्येकाचा एकेक वकील होता.

पहिला, त्याच जागी नवा लांब पूल. मास्तरांना हाच हवा होता कारण जुना पूल त्यांनीच तरुणपणी बांधायला मदत केलेली. पण वाळूच्या काठावर पाया धरायचा तर मागे बरंच खणावं लागणार, सामान हेलिकॉप्टरनेच न्यावं लागणार, नॅशनल पार्कात हेलिकॉप्टर उतरवायला परवानगी लागते, आणि पुढच्या पुराला नदी तो काठ परत खाणार नाही याची हमी कोण देणार.

दुसरा, दीड किमी वर जिथे नदी दोन खडकांमधून जाते तिथे छोटा पक्का पूल. सुतार म्हणाला तिथे बांधलेला पूल माझ्या नातवंडांनाही पुरेल. इंजिनिअरिंग म्हणून हा सगळ्यांत सरस होता, पण ती वाट पुढे ज्या सपाट माळावरून गेली असती तिथून जंगली रेनडिअरचे कळप ये-जा करतात. मे महिन्यात त्यांची पिल्लं होतात, पिल्लं बरोबर असताना माद्या माणसाची चाहूल लागली की तो पट्टाच सोडून देतात. २०२१ च्या नॉर्वेच्या रेड लिस्टमध्ये जंगली रेनडिअर धोक्याच्या जवळ पोचलेल्या प्रजातींमध्ये गेलाय, तेव्हापासून नवी वाट म्हटलं की पार्कवाले आधी रेनडिअरचा नकाशा काढतात. आणि त्यात त्यांचं चुकतं असं मला तरी वाटत नाही.

तिसरा, पूलच नको, लोकांनी पाण्यातून जावं. नॉर्वेत अशा जागा आहेत, लोक बूट काढून सँडल घालून जातात, बॅगेचा कमरेचा पट्टा सोडून, काठी वरच्या अंगाला टेकवत. ऑगस्टच्या मध्यानंतर तिथे गुडघाभर पाणी असतं. जून-जुलैत मात्र वरचा बर्फ वितळत असतो आणि तेव्हा मांडीपर्यंत, कधी कमरेला.

चौथा, ती वाट सोडून द्यायची. वरच्या घरापासून ३ किमीवर एक फाटा आहे, तिथून जुनी सेटरवाट खाली दरीत उतरते. सेटर म्हणजे उन्हाळ्यात गुरं-मेंढ्या वर नेऊन राहायची वाडी, आपल्या धनगरवाड्यासारखी. त्या बाजूने गेलं तर नदी खाली मोटाररस्त्याच्या पुलावरून ओलांडता येते, पण अंतर १९ चं होतं २५ किमी, आणि मध्ये दोन दलदली.

तिसऱ्या पर्यायावर सगळ्यांत जास्त वाद झाला. सुताराचं म्हणणं, डोंगरात आलेल्या माणसाने स्वतःचं डोकं वापरावं, प्रत्येक ओढ्यावर पूल बांधायला आपण महापालिका नाही. मास्तरांनी लगेच डोंगरात वागायचे नियम काढले. १९६७ च्या ईस्टरला इथे डोंगरात १८ माणसांचा जीव गेला, त्यानंतर डीएनटी आणि रेड क्रॉसने हे नियम घरोघरी पोचवले, क्विक लुन्श नावाच्या चॉकलेटच्या वेष्टनावर आतल्या बाजूला छापलेले असतात, इथल्या पोरांना ते तोंडपाठ. त्यातला सगळ्यांत लाडका नियम, वेळेत माघारी फिरा, माघारी फिरण्यात लाज नाही. मास्तर म्हणाले पाणी जास्त दिसलं तर लोक फिरतील की मागे.

मॅपवाली एवढंच म्हणाली, कुठल्या बाजूने आलेले?

तेव्हा त्या प्रश्नाची खोली आमच्या कुणाच्याच लक्षात आली नाही. मीटिंगच्या वृत्तांतातसुद्धा तो नाहीये, मी नंतर शोधला.

पहिला निर्णय, म्हणजे न घेतलेला निर्णय

फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरलं ते असं. वरच्या पुलासाठी पार्कच्या बोर्डाकडे अर्ज करायचा, उत्तर येईपर्यंत वाट आहे तशी ठेवायची, आणि दोन्ही घरांत नोटीस लावायची की पूल नाही, पाणी जास्त असेल तर सेटरवाटेने जा. मी हात वर केला. खरं सांगायचं तर रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि सगळ्यांना घरी जायचं होतं.

लाल टींना हात लावायचा नाही हेही त्यातच आलं. मास्तरांचा मुद्दा असा की पूल झाला की परत रंगवावे लागतील, दोनदा काम कशाला. हिशोबाने बरोबर वाटतं. पण वाटेवरचा टी काय सांगतो, तर इकडून ये, पुढे वाट आहे. आम्ही दाराशी कागद लावला की वाट नाही, आणि दगडा-दगडावर रंगाने लिहून ठेवलं की वाट आहे. दोन्हीखाली सही आमचीच.

जुलैतली ती रात्र

त्या जुलैत एक आठवडा मी खालच्या घरात देखरेखीला होते. सेल्फ-सर्व्हिस घरांत सीझनमध्ये वॉलंटियर आठवडा-आठवडा राहतात, लोकांना खोल्या दाखवायच्या, संडासात भुसा टाकायचा, लाकडं भरायची. चार दिवस कडक ऊन होतं, सगळे खूश. ऊन म्हणजे वरचा बर्फ वितळणार, आणि ते पाणी खाली पोचायला काही तास लागतात, म्हणजे नदी सगळ्यांत मोठी दुपारी नाही तर संध्याकाळी असते. हे मला पुस्तकी माहीत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी सहाला मी पाणी आणायला बाहेर आले तर वाटेवरून दोघं येत होते, विशी-बाविशीतले, परदेशी विद्यार्थी. एकाच्या पाठीवर बॅग, दुसऱ्याच्या नाही. बॅग नसलेल्याच्या एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात तीन मोजे एकावर एक. ओठ निळे. मी काही विचारायच्या आधी त्याने मला सॉरी म्हटलं, का ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

झालं असं होतं. वरच्या घरात ते रात्री उशिरा पोचले, सकाळी लवकर निघाले. नोटीस होती, बोर्डावर, सरपणाच्या सूचना आणि उंदरांच्या सूचना यांच्यामध्ये, फक्त नॉर्वेजियनमध्ये. फोनमध्ये त्यांनी कुणीतरी काही वर्षांपूर्वी चालून टाकलेला ट्रॅक उतरवून घेतला होता, तो सरळ पुलावरून जात होता, आणि जमिनीवर आमचे लाल टी त्या ट्रॅकशी तंतोतंत जुळत होते, मग शंका यायचं कारणच काय. संध्याकाळी सहाच्या सुमारास नदीवर पोचले. मागे वरचं घर १५ किमी. पुढे खालचं घर ४ किमी, चिमणीचा धूर दिसत होता म्हणे.

आता सांगा, अशा ठिकाणी माघारी कोण फिरेल? मी फिरले असते का? माघारी फिरण्यात लाज नाही हे खरं, पण १५ किमी आहे ना.

एकजण पाण्यात शिरला, मध्यावर पाय सुटला, बॅग काढून टाकली म्हणून वाचला, मित्राने काठी धरून ओढला. बॅग, तंबू, फोन आणि एक बूट नदीने घेतलं. रेंज नव्हतीच. एका स्लीपिंग बॅगेत दोघं एका मोठ्या दगडाच्या आडोशाला बसून राहिले. जुलैत इथे रात्र पूर्ण काळोखी होत नाही, म्हणून त्यांना पाणी हळूहळू उतरताना दिसत होतं. पहाटे साडेचारला ते गुडघ्यावर आलं, तेव्हा ओलांडून आले.

शेगडी पेटवली, ब्लँकेटं दिली. पँट्रीतला भात लावला आणि माझ्या डब्यात मेतकूट होतं, तुपाऐवजी लोणी, मऊ भात कालवून दोघांपुढे ठेवला. विचारलं हे काय आहे, म्हटलं आजारी माणसाचं जेवण. दोन-दोन वाट्या खाल्ल्या. जाताना वहीत त्यांनी पँट्रीच्या भाताचे पैसे लिहिले होते, अगदी बरोबर हिशोबाने.

मी मागची वही काढून बसले. त्या सीझनमध्ये पूल नाही म्हणून परत फिरलो अशी वाक्यं बरीच होती, आणि सगळी, अगदी सगळी, खालच्या घरातून निघालेल्यांची. चार किमी गेले, पाणी बघितलं, फोटो काढला, चार किमी परत आले, कॉफी. वरून आलेल्यांपैकी एकानेही परत फिरलो असं लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं, थंडगार पण मजा आली. लिहिलं होतं, बायको रडली. एकाने नुसतंच उद्गारचिन्ह काढलं होतं. म्हणजे आमच्या डोळ्यांसमोर महिनाभर लोक तिथून जबरदस्तीने जात होते आणि आम्ही ते मजेशीर नोंदी म्हणून वाचत होतो.

कुठल्या बाजूने आलेले, हा मॅपवालीचा प्रश्न तेव्हा डोक्यात वाजला.

दुसरा निर्णय

लगेच त्या आठवड्यात मी आणि मॅपवालीने फाट्यावर, म्हणजे वरच्या घरापासून ३ किमीवर, मोठा लाकडी बोर्ड लावला, तुटलेल्या पुलाचं चित्र, आडवी लाल फुली, सेटरवाटेकडे बाण. अक्षरं जवळजवळ नाहीतच. तिथून मागे फिरायचं झालं तरी एक तास जातो, माणूस अजून ताजा असतो, डोकं चालत असतं. नदीवर लावलेल्या बोर्डाचा काडीचा उपयोग नसतो, तिथे माणसाचं मन ठरलेलं असतं.

ऑगस्टअखेर पार्कच्या बोर्डाचं उत्तर आलं, वरच्या पुलाला नकार, कारण रेनडिअर. मास्तर चिडले, अपील करू म्हणाले. सुताराने अनपेक्षितपणे बाजू बदलली. तो म्हणाला अपील जिंकलो तरी दोन वर्षं जातील, दोन उन्हाळे ते टी तिथे लोकांना बोलावत राहणार, मला झोप लागायची नाही.

तेवढ्यात मेंढ्यांचा विषय निघाला. त्या दरीत एक शेतकरी आहेत, यांना धनगरकाका म्हणू, उन्हाळाभर त्यांच्या मेंढ्या वर मोकळ्या असतात आणि सप्टेंबरात गोळा करून खाली आणतात. सेटरवाट त्यांच्या वाडीवरून जाते, दलदलीवर फळ्या टाकायला परवानगी हवी म्हणून मास्तर त्यांच्याकडे गेले. काकांनी कॉफी दिली आणि सांगितलं की तो वाळूचा काठ त्यांच्या वडिलांच्या वेळीही एकदा गेला होता, नदी तिथे इकडून तिकडे सरकतेच, पूल तिथे बांधायलाच नको होता. मग विचारलं इतकी वर्षं सांगितलं का नाही? म्हणाले, कुणी विचारलं?

आणि त्याच बैठकीत त्यांनी वाडीवरची एक रिकामी खोली देऊ केली. २५ किमी एका दिवसात बऱ्याच जणांना, विशेषतः पोरंबाळं असलेल्यांना, झेपत नाही, ही चौथ्या पर्यायाची मोठी अडचण होती. वाडी बरोबर मध्यावर येते. सहा बंक, एक शेगडी, पँट्री नाही, आपला शिधा आपण आणायचा. पुलासाठी जमवलेल्या पैशातून छप्पर आणि चिमणी दुरुस्त करायची, शाखेने भाडं द्यायचं.

मतदान झालं. जुनी वाट बंद, खुणा पुसायच्या. मास्तर तटस्थ राहिले.

पुसायचं काम

खूण करायला सोपी, पुसायला महाकठीण, हे मला सप्टेंबरमधल्या त्या दोन दिवसांत कळलं. आम्ही नऊजण होतो, रिमझिम, बोटं बधीर. पहिल्या दगडावर तारेचा ब्रश चालवला तर रंग निघेना, तो दगडाच्या बारीक छिद्रांत बसलेला, वर्षानुवर्षांचे थर. जोर लावला तर रंगाबरोबर आजूबाजूचं दगडफूल निघून यायला लागलं. हो, दगडफूलच, गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचं चुलत भावंड, इथलं पिवळसर-हिरवं आणि काळ्या रेघांचं, नकाशासारखं दिसतं. वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. तळहाताएवढा ठिपका म्हणजे किती जुना असेल हिशोब करा. म्हणून ब्रश थांबवला आणि करडा रंग आणला. करडा रंग डब्यात दगडासारखा दिसतो आणि दगडावर डब्यासारखा. शेवटी सुताराने त्यात चिखल कालवला, तेव्हा जरा जमलं.

दुसरा प्रश्न वार्देंचा. आम्ही रचलेले ढिगारे पाडायचे हे ठरलेलं, पण या वाटेवर काही ढिगारे आमच्या संस्थेच्या कितीतरी आधीचे असावेत, जुने व्यापारी आणि गुराखी याच बाजूने जायचे. नॉर्वेच्या कायद्याने १५३७ च्या आधीचं काहीही आपोआप संरक्षित असतं, आणि ढिगाऱ्यावर काही जन्मतारीख लिहिलेली नसते. मास्तर, जे तटस्थ होते, ते दोन्ही दिवस आमच्याबरोबर चालले आणि एकेका ढिगाऱ्यापाशी उभं राहून सांगत गेले, हा आमचा, हा जुना, हा मी आणि माझ्या भावाने रचला होता. तो शेवटचा त्यांनी स्वतः पाडला. मी तेवढ्यात किटलीकडे गेले, उगाचच.

जिथे शंका होती तिथे दगडाला हात न लावता फक्त रंग झाकला. याचा तोटा आम्हाला माहीत होता, ढिगारे उभे म्हणजे वाटेचा भास उभा.

पुढे काय झालं

२०२५ च्या उन्हाळ्यात सेटरवाट नीट चालली. दलदलीवर फळ्या टाकल्या, वाडीवरची खोली जुलैत बहुतेक दिवस भरलेली, आणि इथला नियमच आहे की आलेल्याला परत पाठवायचं नाही, त्यामुळे काही रात्री जमिनीवरही गाद्या. नदीवर अडकल्याचं एकही प्रकरण आमच्यापर्यंत आलं नाही.

पण सगळं गोड नाही. वरच्या घरातली वर्दळ घटली, जे लोक एका दिवसात घर ते घर करायचे ते आता ती बाजूच टाळतात, पँट्रीतले डबे तारीख उलटून गेले, ते खाली वाहून आणायचं काम परत आमच्याच पाठीवर. दोन जुन्या मेंबरांनी खरमरीत पत्र लिहिलं की तुम्ही डोंगराचा बगीचा केलात. आणि आम्ही पाडलेल्यांपैकी तीन वार्दे ऑगस्टपर्यंत परत गुडघाभर उंच झाले होते. यात कुणाचं कारस्थान नाही, इथे जाता-येता ढिगाऱ्यावर एक दगड ठेवायची लोकांना सवय असते, पसरलेले दगड दिसले की हात आपोआप रचतात. म्हणजे त्या बाजूने अजून लोक जात आहेत, एवढं त्यातून कळलं.

फोनमधले जुने ट्रॅक हा वेगळाच ताप. आमच्या नकाशावरून मॅपवालीने वाट काढली, सरकारी नकाशाला कळवलं, पण लोकांनी आपापल्या ॲपवर टाकलेले ट्रॅक कुणाच्या हातात? ती अजूनही एकेकाला मेसेज करते, काही जण काढतात, काही उत्तरच देत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक फेब्रुवारीतली नाही, सप्टेंबर २०२३ मधली आहे. आम्ही चौघं काठावर उभे होतो, रंगाचा डबा बरोबर नव्हता पण फाट्यावर चार फांद्या आडव्या टाकता आल्या असत्या आणि हिवाळ्यात बोर्ड करून जूनमध्ये लावता आला असता. पूल बांधायचा की नाही हा मोठा प्रश्न, त्याला वर्ष लागू दे. पण आत्ता लोकांनी कुठून वळायचं हा छोटा प्रश्न होता आणि तो आम्ही मोठ्याच्या शेपटीला बांधून ठेवला.

दुसरं, अडथळा किती धोक्याचा आहे हे मोजताना आम्ही पाण्याची खोली मोजली, माणूस तिथे किती चालून पोचतो ते मोजलंच नाही. हीच नदी वाटेच्या मधोमध असती तर कदाचित निम्मे लोक मागे फिरले असते. आता कमिटीत नवीन पद्धत आहे, कुठल्याही तुटलेल्या पुलाच्या कागदावर दोन आकडे लिहायचे, या बाजूने किती किमी आणि त्या बाजूने किती.

नोंदवही शोधकार्यासाठी असते असं आम्ही धरून चाललो होतो. ती महिन्याला एकदा कुणीतरी नीट बसून वाचायला हवी होती, सगळं तिथे लिहिलेलं होतं. आणि धनगरकाकांकडे पहिल्या महिन्यात जायला हवं होतं, परवानगी मागायला नाही, नुसतं विचारायला.

खुणा पुसण्याबद्दल मात्र मी अजून पक्की नाही. सुतार म्हणतो दोन वर्षं थांबून लोकांची सवय मोडल्यावर पुसल्या असत्या तरी चाललं असतं, फाट्यावरच्या बोर्डाने काम केलंच होतं. मला ती रात्रीची गोष्ट आठवते आणि मी नाही म्हणते. मास्तर यावर बोलत नाहीत.

एक काम बाकी आहे. पुसायला गेलो तेव्हा खिंडीखालच्या उतारावर जुना बर्फ होता, त्याच्याखाली चार टी राहून गेले. गेल्या ऑगस्टमध्ये बर्फ वितळला आणि ते वर आले, लालभडक, इतकी वर्षं ऊन-वारा न लागल्यासारखे. येत्या दुग्नादच्या यादीत पहिलंच नाव त्यांचं आहे, करडा रंग, ब्रश दोन, आणि सुताराने स्वतःच्या हाताने पुढे लिहिलंय, चिखल तिथलाच घ्यावा.